नऊपैकी नऊ

गुरुवारी सकाळी सूनबाई कामाला निघाली होती. चपला घालता घालता तिची नजर भिंतीवरच्या कागदावर गेली आणि एक चप्पल पायात, एक बाहेर अशी ती तिथेच थांबली. कागद तिनेच चिकटवलेला, दर महिन्याला नवा. महिन्याच्या तीस दिवसांचे तीस चौकोन. सासऱ्यांनी रोज सकाळी आपले पाय तपासायचे आणि त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करायची, एवढं साधं काम. खुणा होत्याही झकास. एका ओळीत, एका उंचीच्या, शाळेतल्या शहाण्या मुलांसारख्या उभ्या. फक्त त्या येत्या रविवारपर्यंत जाऊन पोचल्या होत्या.

ती ओरडली नाही. ओरडणाऱ्यांतली नव्हतीच ती. खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून बसलेल्या सासऱ्यांना तिने हळूच विचारलं, "बाबा, उद्याचे पाय आज कसे बघितलेत?"

वर्तमानपत्र हललं नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे कान लाल झाले. ती दुसरी चप्पल घालून निघून गेली. जाताना दार तिने रोजच्यापेक्षाही हळू लावलं, आणि तेच कासवरावांना जास्त लागलं. आदळलं असतं तर दोन शब्द मनातल्या मनात बोलून मोकळे झाले असते.

कासवराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवाशांची बस चालवली, आणि गाडी जागची हलवायला ते इतका वेळ घेत की डेपोने त्यांचं कासव करून टाकलं. पुढे वयाबरोबर मान वाढला, तेव्हा लोकांनी कासवाला राव जोडला, पण कासव काही काढलं नाही.

आता पायांचं. रक्तातल्या साखरेने गेल्या काही वर्षांत त्यांच्या पावलांची जाणीवच नेली होती. गार फरशी नाही, गरम पाणी नाही, टोचणं नाही, दुखणं नाही. गेल्या हिवाळ्यात नव्या बुटाने डाव्या करंगळीला घासलं. त्यांना पत्ताच नाही. मोज्याला डाग दिसला तोवर उशीर झाला होता, आणि करंगळी तिकडे हॉस्पिटलातच ठेवून यावी लागली. सोडताना डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं, रोज सकाळी पाय धुवायचे, बोटांच्या मधली जागासुद्धा कोरडी करायची, तळव्याखाली आरसा धरून बघायचं, प्रत्येक बोट बाजूला करून आत बघायचं. एक दिवस चुकायचं नाही. घरातही अनवाणी फिरायचं नाही. आणि शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "आजोबा, या वेळी बोटावर भागलं. पुढच्या वेळी मला बोटावर थांबता येईल असं नाही."

घाबरले होते ते. मुलगा दूर कामाला, महिन्यातून दोनदा येणारा. घरात ही एकटी पोर. ती कामावर जाणार, की सासऱ्याला हात धरून न्हाणीघरात नेणार? पाय गेला तर तिच्या गळ्यात पडायचं, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. या भीतीच्या जोरावर त्यांनी नऊ दिवस पाय अगदी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे धुतले, पुसले, बघितले. दहाव्या दिवशी वर्तमानपत्र लवकर आलं. अकराव्या दिवशी आरसा जागेवर नव्हता. बाराव्या दिवशी वाटलं, काल नाही बघितलं तर काय बिघडलं? आणि तेराव्या दिवसापासून ते फक्त खुणा करू लागले. पेन हातात आहेच तर दोन जास्तीच्या करून टाकू, अशी ती खुणांची गाडी सुटली, ती महिन्यामागून महिने धावत या वेळी थेट रविवारला जाऊन थांबली.

त्या सकाळी रिकाम्या घरात बसून कासवराव स्वतःशीच भांडत राहिले. आपण काही आळशी माणूस नव्हे. एकतीस वर्षं, उन्हातान्हात, थंडीत, अंगात ताप असताना, गाडी सुरू करण्याआधी आपण चाकं तपासली. एक दिवस चुकलो नाही. मग त्या रबराच्या चाकांवर एवढी माया, आणि स्वतःच्या पायांनी काय घोडं मारलंय?

एक दिवस चुकलो नाही, असं मनात म्हणाले खरे, पण म्हणता म्हणता त्यांची नजर गच्चीच्या दाराकडे गेली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक दगड ठेवलेला होता. मुठीएवढा, काळा, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. सूनबाईने दोनदा तो फेकायला काढला होता आणि दोन्ही वेळा कासवरावांनी तो काही न सांगता परत आणून ठेवला होता.

त्या दगडाची गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती.

कासवराव नोकरीला लागले तेव्हा डेपोतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्यांच्या हातात एक लाकडी मोगरी ठेवली होती. म्हणाला होता, चाक डोळ्याला खोटं सांगतं, कानाला सांगत नाही. हवा भरलेल्या चाकावर मोगरी मारली की ती टणकन उसळून हातात परत येते. हवा कमी असेल तर नुसतं भद्‌ होतं, गादीवर मारल्यासारखं. बसला चाकं सहा. पुढची दोन सोपी. मागे एकेका बाजूला दोन-दोन, एकमेकांना चिकटून, आणि त्यातलं आतलं चाक दिसतच नाही. तिथे वाकावं लागतं, हात घालावा लागतो, कपडे मळतात. मिस्त्री म्हणायचा, घात करायचा तर तो आतलाच करतो.

पण मिस्त्रीने शिकवलं म्हणून सवय लागली, असं मुळीच नाही. शिकवलं तर त्याने सगळ्यांनाच होतं. महिनाभरात निम्म्या ड्रायव्हरांच्या मोगऱ्या सीटखाली गंजल्या असत्या, लाकडाला गंज चढत असता तर.

कासवरावांची सवय टिकली त्याचं कारण होता त्यांचा कंडक्टर. तिकीट पंच करायच्या चिमट्याचा त्याला असा चाळा, की समोर प्रवासी नसला तरी बोटं चालूच. टिकटिक, टिकटिक. म्हणून त्याचं नाव टिकटिक. सकाळी सहा चाळीसच्या पहिल्या फेरीला तो मागच्या पायरीवर उभा राहायचा, एक हात घंटीच्या दोरीवर ठेवून, आणि पुढे ओरडून विचारायचा, "किती?"

कासवरावांनी केबिनमधून उत्तर द्यायचं, "सहापैकी सहा."

मग दोनदा दोरी ओढली जायची, टण टण, आणि तेव्हाच गाडी हलायची. उत्तर आल्याशिवाय घंटी नाही. प्रवासी वैतागायचे, मग सवयीने थट्टा करायला लागले. बघा बघा, रात्रीतून एखादं चाक पळून गेलं असेल, असं एक कारकून रोज म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा. पुढच्या सीटवर बसणारी एक मास्तरीणबाई तर टिकटिकच्या आधीच "किती" विचारू लागली. तिला टिकटिकने गंभीरपणे सांगितलं, बाई, तुमचं तिकीट प्रवासाचं आहे, विचारायचं नाही.

काय दिवस होते ते. पहाटेच्या डेपोत इंजिनांचा धूर आणि चहाची वाफ एकत्र चढायची. काचेवरचं दव वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसायचं. गाडीत पहिला शिरणारा पाववाला, त्याच्या टोपलीचा ऊबदार वास शेवटच्या सीटपर्यंत जायचा आणि सगळ्यांना एकदम भूक लागायची. कासवराव स्टेअरिंगवर हात ठेवून डोळे मिटायचे, देवाचं नाव घ्यायचे, आणि मागून यायचं, "किती?" जणू देवानेच विचारलं.

एकदा मात्र असं झालं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आठवडाभर तापाने फणफणलेला. कासवरावांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहाटे डेपोत आले ते कसेबसे. पाऊस रिपरिप पडत होता, जमिनीवर चिखल. त्यांनी मोगरी हातात घेतली, बाहेर बघितलं, आणि मोगरी परत सीटखाली ठेवली. काल संध्याकाळी तर सगळं ठीक होतं. मागून आवाज आला, "किती?" आणि कासवराव बसल्या जागेवरून म्हणाले, "सहापैकी सहा."

घंटी वाजली नाही.

ते वाट बघत राहिले. वाटलं, कुणी म्हातारा चढत असेल. मग बाजूच्या आरशात त्यांना दिसलं, टिकटिक खाली उतरला होता. डोक्यावर रुमाल टाकून तो मागच्या चाकापाशी चिखलात गुडघा टेकून बसला होता, आणि टॉमीच्या लोखंडी दांड्याने आत काहीतरी उचकटत होता. पाच मिनिटं गेली. प्रवासी कुरकुरू लागले. कंट्रोलर खिडकीतून ओरडला, सहा चाळीसची गाडी अजून इथे कशी? टिकटिकने खालूनच हात केला आणि सांगितलं, माझ्यामुळे साहेब, माझी बॅग चिखलात पडली होती. कंट्रोलरने त्याच्या नावापुढे उशिराचा शेरा मारला.

मग तो केबिनच्या खिडकीपाशी आला. कोपरापर्यंत चिखल. हातातला दगड त्याने डॅशबोर्डवर ठेवला. डाव्या बाजूच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये अडकलेला होता तो. रस्त्यावर वेगात सुटला असता तर मागून येणाऱ्या कुणाच्या कपाळात बसला असता, नाही तर टायर फाडून मोकळा झाला असता. टिकटिक तसाच मागे गेला. दोनदा दोरी ओढली. टण टण.

त्या फेरीत कासवरावांनी गाडी चालवली, पण डोळ्यांसमोर रस्ता कमी आणि दगड जास्त होता. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाल्यावर त्यांनी टिकटिकला विचारलं, तुला कळलं कसं? तो पंच पुसत म्हणाला, तुझी मोगरी ऐकू आली नाही. आणि मग जे बोलला ते कासवरावांना अजून शब्दशः आठवत होतं.

"कासवा, आजपासून मी तुझ्यावर दुप्पट विश्वास ठेवीन. पण विचारायचं सोडणार नाही. विश्वास वेगळा, विचारणं वेगळं."

त्यानंतरची सव्वीस वर्षं कासवराव खरोखरच एकदाही चुकले नाहीत. दगड त्यांनी डॅशबोर्डवरच ठेवला. गाड्या बदलल्या, दगड तोच. निवृत्तीच्या दिवशी मोगरी नव्या ड्रायव्हरला दिली, दगड पिशवीत घालून घरी आणला.

खिडकीपाशी बसल्या बसल्या कासवरावांना हे सगळं असं आठवलं, आणि एवढी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्यांना पहिल्यांदा दिसली. सवय आपली एकट्याची नव्हतीच. अर्धी आपल्या हातात होती, अर्धी त्या दोरीला. माणूस म्हणतो मी केलं, मी केलं. देव मात्र एकाला गाडी देतो तेव्हा मागच्या पायरीवर दुसऱ्याला उभं करतो, आणि आपण आरशात बघितलं तरच तो दिसतो.

आणि त्या दुसऱ्याचा फोन कासवरावांनी पाच महिने उचलला नव्हता.

टिकटिक शहराच्या पलीकडच्या टोकाला लेकीकडे राहायचा. पूर्वी आठवड्याला फोन व्हायचा. पण हॉस्पिटलातून आल्यापासून कासवरावांना त्याच्याशी बोलायची चोरी झाली होती. जन्मभर सहापैकी सहा सांगितलेल्या माणसाने आता काय सांगायचं? तीन-चारदा फोन वाजू दिला, सूनबाईला सांगितलं झोपलोय म्हण, आणि मग तो वाजायचा बंद झाला.

त्यांनी फोन हातात घेतला. खाली ठेवला. देवाचं नाव घेऊन परत उचलला.

पलीकडून टिकटिकने पहिलं अर्धं मिनिट नुसत्या शिव्या घातल्या. प्रेमाच्या, पण निवडक. कासवरावांनी त्या प्रसादासारख्या घेतल्या. मग सगळं सांगून टाकलं. बूट, करंगळी, आरसा, भिंतीवरचा कागद, रविवारपर्यंतच्या खुणा. खुणांचं ऐकून टिकटिक इतका हसला की त्याला ठसका लागला. लेकीने पाणी आणून दिल्याचं ऐकू आलं. मग तो शांत झाला.

"म्हणजे एक चाक कमी झालं म्हणायचं."

"झालं," कासवराव म्हणाले.

टिकटिक म्हणाला, मग उद्यापासून हिशेब नवा, नऊचा. सहा चाळीसला फोन करीन. वर हेही म्हणाला, की माझ्याही रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा डबीतच राहतात. लेक सकाळी घाईत असते, मला विचारणारं इथे कोण आहे? तूही मला विचार. कासवरावांना हसू आलं. दुसऱ्याची दोरी धरून शहाणा झालेला माणूस स्वतः सुटाच होता.

शुक्रवारी सहा चाळीसला, घड्याळाला लाजवील असा, फोन वाजला. सूनबाई चहा गाळत होती. कासवरावांनी फोन कानाला लावला.

"किती?"

आणि काय सांगावं माणसाच्या जिभेचं. मोडलेली सवय मोडलेल्यासारखीच वागते. पाय अजून मोज्यांत होते, आरसा कपाटात होता, आणि कासवराव उत्साहात म्हणून गेले, "नऊपैकी नऊ."

पलीकडून काहीच आलं नाही.

फोन बंद नव्हता. टिकटिकचा श्वास ऐकू येत होता, मागे त्याच्या घरचा पंखा ऐकू येत होता. तो फक्त बोलत नव्हता. कासवराव वाट बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की ही शांतता आपल्या ओळखीची आहे. तशीच, पावसातल्या सकाळची. त्याला इथली मोगरी ऐकू आली नव्हती.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. उठले. पाय धुतले, पुसले, खुर्चीत बसले, आरसा घेतला. डावा तळवा. ठीक. डावी चार बोटं, एकेक बाजूला करून. ठीक. उजवा तळवा. ठीक. उजवा अंगठा, दुसरं, तिसरं. चौथं बोट बाजूला करताना त्यांना वाकावं लागलं, चष्मा नाकावर सरकवावा लागला. करंगळी आणि चौथ्या बोटाच्या बेचक्यात, बाहेरून अजिबात दिसू नये अशा ठिकाणी, एक खडा रुतून बसला होता. मोहरीएवढा. कडेची कातडी लाल, ओलसर, जरा फुगलेली. गच्चीतल्या कुंडीतला असणार. दोन दिवसांपूर्वी ते रोपांना पाणी घालायला अनवाणीच गेले होते, दोनच मिनिटं म्हणून.

आतलं चाक, ते मनात म्हणाले.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "जरा ये. आणि रागवू नकोस."

ती आली, वाकली, बघितलं. रागावली नाही. कामावर फोन करून तिने सांगितलं की आज उशीर होईल. टेबलावरच्या फोनमधून तेवढ्यात बारीक आवाज आला, काय झालं रे? कासवराव फोन उचलून म्हणाले, "खडा सापडला."

मग टिकटिक म्हणाला, "मग आधी डॉक्टरांकडे जा. आज घंटी नाही. परत येऊन सांग."

डॉक्टरीणबाईंनी खडा काढला, जखम धुतली, भिंगातून बराच वेळ बघितली. तोवर सूनबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिने पिशवीचा बंद बोटाला इतका गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं. कासवरावांनी ते बघितलं आणि त्यांना आपल्या रविवारपर्यंतच्या खुणा आठवल्या. बाई शेवटी सरळ झाल्या. म्हणाल्या, वेळेवर आलात. आठवडाभर पट्टी, औषध, आणि पाय कोरडा. अजून तीन-चार दिवस गेले असते तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. मग त्यांनी विचारलं, दिसला कसा हो हा? इतक्या आत बहुतेकांना दिसत नाही.

कासवराव म्हणाले, माझ्या कंडक्टरला ऐकू आला. बाईंनी सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने खांदे उडवले. पण रिक्षातून घरी येताना तिने विचारलं, आणि कासवरावांनी तिला दगडाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती ऐकत राहिली. घरी आल्यावर तिने भिंतीवरचा कागद काढला आणि चार तुकडे करून टाकला. मग गच्चीच्या दारातला दगड उचलला, धुतला, आणि आणून फोनशेजारी ठेवला.

आता हे होऊन वर्ष होत आलं. पट्टी कधीच निघाली. टिकटिकच्या गोळ्याही डबीत राहत नाहीत, कारण त्याचं किती विचारून झालं की कासवराव उलट विचारतात, आणि तो पाण्याचा घोट फोनवर आवाज करून गिळून दाखवतो. गेल्या महिन्यात टिकटिक तीन दिवस लेकीच्या सासरच्या गावी गेला होता, तिथे फोन लागेना. त्या तीन सकाळी सूनबाईने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, किती?" तिचा सूर बरोबर लागला नाही, पण उत्तर मिळालं.

आणि परवाची सकाळ. सहा वाजून तीस मिनिटं झाली होती. खिडकीच्या काचेवर दव होतं, कासवरावांनी ते वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसलं. पाय धुवून, पुसून, आरसा धरून बघून झाले होते. एकेक बोट, आतली बेचकी, दोन्ही तळवे. आरसा जागेवर गेला, मोजे चढले. फोन यायला अजून दहा मिनिटं होती.

सांगायला हवं होतं ते सगळं तयार होतं. कासवराव तरीही वर्तमानपत्र न उघडता दगडाशेजारी हात ठेवून बसून राहिले, डोळे मिटून, पूर्वी स्टेअरिंगवर हात ठेवून बसायचे तसे. सहा चाळीस झाले. फोन वाजला.

"किती?"

"नऊपैकी नऊ."

पलीकडे टिकटिकने चहाच्या कपावर चमचा दोनदा वाजवला. टण टण. कासवरावांनी डोळे उघडले आणि दिवस सुरू केला.